उघडा पाय

संध्याकाळी सातला मी स्टुलावर बसतो,
डावी विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळून.
उजवा पाय झाकलेला. तो घरचा.
डावा संस्थेचा,
रात्रीच्या तीन हजार फ्रँकला.

हातात काचेची नळी, कानामागे कापसाचा बोळा.
डास अंगावर उतरला की गुणगुण थांबते.
ते थांबणं ऐकायचं असतं.
मग टॉर्च, मग नळी, मग बोळा,
चावायच्या आत, असं कागदावर लिहिलंय.
दर तासाची पिशवी वेगळी.
दोन ते तीनची सगळ्यात जड,
म्हणजे जड कसली,
चाळीस डासांचं वजन ते काय.

सकाळी पिशव्या मोटारसायकलवरून बोबोला जातात.
तिथे आसेतू वात्तारा त्यांची पोटं उघडतात, नोंद करतात.
परवा त्या स्वतः गावात आल्या.
नेरेच्या झाडाखाली चटया पडल्या.
म्हणाल्या, प्रत्येक जिवात एक मजकूर असतो,
निम्मा आईकडून उतरलेला, निम्मा बापाकडून.
आता अशी कात्री निघालीय
जी त्यातला नेमका एक शब्द गाठून तोडते
आणि स्वतःच त्या जागी जाऊन बसते.
मग मुलात, नातवात, पणतवात, तोडतच राहते.

ज्युलामध्ये याला शब्द नव्हता.
दुपार त्यातच गेली.
कुणी म्हणालं, बी म्हणा.
कुणी म्हणालं, वळण.
इमाम म्हणाले, देवाचं अक्षर एवढं म्हणू नका,
बाकी काही चालेल.

दोफिनी विणकर मागून बोलला:
कापसाचंही बी बदललं होतं, आठवतं?
बोंडअळी गेली, खरं आहे.
पण धागा आखूड निघाला.
गाठी मारून मारून माझी नखं गेली.
आसेतू हसल्या नाहीत.
म्हणाल्या, आठवतं.
माझ्या वडिलांचीही चार हेक्टर होती.

मग कोरोतिमी. निम्म्या गावाची डोकी
तिच्याच हातांनी बाहेर आलेली.
"तुमची कात्री नेमकं तोडते काय?"
"यांना मुली होणार नाहीत, आजी.
नुसते नर. नर चावत नाहीत.
पिढ्यांमागून पिढ्या, मग हळूहळू कुणीच नाही."
"मुली न होणारं घर
सुखाला लागलेलं मी पाहिलं नाही बाई."
बायका हसल्या.

मी खाली बघत होतो.
बिबाता चार वर्षांची होती.
तीन दिवस ताप, दवाखाना एकवीस किलोमीटर,
चौथ्या दिवशी सायकलच्या कॅरिअरवर
तिचं डोकं माझ्या पाठीला लागत होतं, लागत होतं,
मग नुसतं टेकलेलं राहिलं.
तिला जी चावली तीही मादीच.
पोटातल्या अंड्यांसाठी रक्त शोधत आलेली.
हे आसेतूंनीच सांगितलं, सहज,
नळ्या धुताना.
तेव्हापासून बोळा बसवताना
माझा अंगठा जरा जास्त वेळ दाबून राहतो.

केव्हा सोडणार, असं कुणीतरी विचारलंच.
अजून नाही, त्या म्हणाल्या. पिंजऱ्यात आहेत,
समुद्रापलीकडच्या एका इमारतीत, तीन दारांच्या आत.
आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय नाही.
दोफिनी म्हणाला, आम्ही हो म्हणू,
पण पलीकडच्या गावाला कोण विचारणार?
डास काही शीव ओळखत नाही.
त्यांनी वहीत ते लिहून घेतलं.
वर तीन शब्द होतेच, तिन्हींपुढे प्रश्नचिन्ह.

कधीतरी दोन ते तीनची पिशवी रिकामी जाईल.
सगळ्यांच्या आधी ते मला कळेल,
मंत्र्याच्या आधी, रेडिओच्या आधी.
मी विजार खाली सोडीन.
तीन हजार फ्रँक बुडतील, त्यावरून बायको बोलेल.
आणि मी स्टुलावर तसाच बसून राहीन बहुतेक,
कान देऊन,
इतक्या वर्षांची सवय.

थांबा.
गुणगुण थांबली.
पोटरीवर कुणीतरी आहे.